आधी वायर, मग गिअर!

तुमच्याकडे गाडी आहे? मग खरं सांगा, सकाळी ऑफिसला निघताना गाडीभोवती एक तरी चक्कर मारता का? नाही ना? मीही मारायचे नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, डोक्यात डेडलाइन... सीटवर बसलं की मारला स्टार्टर!

माझा मामेभाऊ मात्र न चुकता चक्कर मारतो. दादा मूळचा लासलगावचा, गेली ४ वर्षं कॅनडात, विनिपेगला असतो. त्याचा फोन येतो आमच्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे त्याच्या सकाळी सातला. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात एकदा असाच फोन आला आणि स्वारी म्हणाली, "आज गाडीला शेपूट लावून ऑफिसला आलो!"

झालं होतं असं. विनिपेगच्या हिवाळ्यात उणे ३० अंश म्हणजे काही ब्रेकिंग न्यूज नव्हे. एवढ्या थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकदही घटते. त्यामुळे स्टार्टर नुसता कण्हत राहतो. यावरचा उपाय म्हणजे 'ब्लॉक हीटर'. इंजिनाच्या पोटात बसवलेली छोटीशी विजेची कॉइल. आपण आंघोळीच्या बादलीत हीटर टाकतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे पाण्याऐवजी इंजिनातलं कूलंट तापतं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने असा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. या हीटरचा प्लग गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असतो. निघण्याआधी दोन-चार तास तो भिंतीवरच्या सॉकेटला जोडायचा, की गाडी सकाळी एका झटक्यात सुरू! तिकडे पार्किंगमध्येच त्यासाठी सॉकेट दिलेली असतात.

फक्त एकच अट. निघताना प्लग काढायचा! दादा विसरला. एक्स्टेन्शनची लांबलचक केबल सॉकेटमधून उपटून बर्फातून फरफटत ऑफिसला पोहोचली. मी इतकी हसले की विचारू नका. फॅमिली ग्रुपवर 'शेपूट' हा शब्द महिनाभर गाजला. विसरतो कसा माणूस एवढी मोठी केबल?

कसा विसरतो, ते गेल्या डिसेंबरात मला कळलं. तेही कॅनडात नाही, लासलगावात!

निफाड तालुक्यातली थंडी ज्यांनी अनुभवली नाही, त्यांनी आमच्या बाल्कनीतल्या गुलाबी थंडीच्या गप्पा मारू नयेत. तिथे पारा पार २-३ अंशांवर उतरतो. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशाच एका वीकएंडला जोडून मी मामाकडे गेले होते. घरात लाल कांद्याची धांदल चाललेली. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, पण लाल कांद्याला तेवढा धीर नाही. काढला की मार्केटला न्यायचा, मिळेल तो भाव घ्यायचा. मामाला सकाळी लवकर लासलगावच्या मार्केटात टेम्पो नंबरला लावायचा होता. पण टेम्पोची बॅटरी म्हातारी आणि त्यात ही थंडी. म्हणून रात्रीच मामाने बॅटरीला चार्जर लावून ठेवला. बॅटरी केबिनच्या मागे, डाव्या बाजूच्या खोक्यात. चार्जरचे चिमटे रात्रीतून निसटू नयेत म्हणून वायर सुतळीने टेम्पोलाच बांधलेली. तिथून चार्जर आणि मग मध्ये चिकटपट्टीचा जोड असलेली जुनी वायर थेट पडवीतल्या बोर्डापर्यंत.

पहाटे साडेपाच. मामा मागे ताडपत्री आवळत होता. मला म्हणाला, "किल्ली खिळ्यावर आहे. नुसता सुरू करून ठेव बरं का."

'नुसता' हा शब्द मी ऐकलाच नाही. शहरातली स्मार्ट भाची ना मी! किल्ली घेतली, उजवीकडून चढले, स्टार्टर मारला. टेम्पो झक्कपैकी सुरू झाला. मला वाटलं, फाटकापर्यंत पुढेच घेऊन ठेवते, मामाचं तेवढंच काम वाचेल. पहिला गिअर टाकला...

मागून 'फट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ मामाची किंकाळी. "हात लावू नको!"

ती मला नव्हती, मामीला होती. मी ब्रेक दाबून खाली उतरले तेव्हा समोरचं दृश्य असं होतं. वायरचा जोड तुटला होता. एक तुकडा चार्जरसकट टेम्पोमागे ओढला गेला होता. दुसरा तुकडा अजून बोर्डातच होता, त्यात करंट होता आणि त्याची उघडी टोकं अंगणात पडली होती. मामीने नुकताच सडा घातला होता. जमीन ओली, मामी अनवाणी, एका हातात बादली. वायर उचलायला ती वाकलेली आणि मामाच्या आवाजाने तशीच थिजलेली. वायर आणि तिची बोटं यात फार तर वीतभर अंतर असेल.

मामाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. अख्खं घर अंधारात. मी थरथर कापत होते आणि ते थंडीने नव्हतं.

मामा मला एका शब्दानेही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाला, "तू विसरली नाहीस गं. तुला ठाऊकच नव्हतं. अन् मी सांगायचं विसरलो." मामीने मुकाट्याने चहा टाकला. मला मात्र तो घशाखाली उतरेना.

संध्याकाळी साडेसहाला दादाचा फोन आला. 'शेपूट' म्हणून आता तो माझी खेचणार, या तयारीत मी होते. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच म्हणाला, "आई कशी आहे?"

आणि मग त्याने मला त्याची ट्रिक सांगितली. त्या शेपटाच्या दिवसापासून तो रात्री प्लग लावला की गाडीची किल्ली तिथेच, प्लगपाशी अडकवतो. किल्ली हवी, तर प्लगपर्यंत जावंच लागतं. त्याचे शेजारी केबल दाराजवळच्या आरशावरून घेतात, म्हणजे दार उघडताना ती दिसतेच. "लक्षात ठेवीन असं म्हणू नकोस," तो म्हणाला, "लक्षात राहत नाही."

मंडळी, हे अगदी पटण्यासारखं आहे. मुख्य काम फत्ते झालं की मन मोकळं होतं आणि मागचं उरलेलं छोटं काम निसटतं. झेरॉक्स हातात येते, ओरिजिनल मशीनमध्ये राहतं! बऱ्याच एटीएममध्ये कार्ड आधी परत मिळतं आणि पैसे नंतर, ते उगाच नाही. पैसे आधी मिळाले तर कार्ड तिथेच सोडून जाणारे कमी नाहीत. इलेक्ट्रिक कारला चार्जिंगचा प्लग लागलेला असेल तर ती जागची हलतच नाही. म्हणजे आपण विसरणार, हे गृहीत धरूनच ही यंत्रं बनवली आहेत. पण दादाचा ब्लॉक हीटर आणि मामाचा चार्जर आपल्याला अडवत नाहीत. तिथे आपली अडवणूक आपणच करून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी मामाने तीन गोष्टी केल्या. एक, बिनजोडाची नवी वायर आणली. दोन, वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. साधा एमसीबी जादा लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा करंट त्याच्या गावीही नसतो. तो ओळखून क्षणार्धात वीज तोडतो तो आरसीसीबी. तुमच्या घरात आहे का, आजच बघा. भाड्याचा फ्लॅट असला तरी बघा!

आणि तिसरी गोष्ट फुकटातली. मामाने किल्लीला सुतळीचा एक फास बांधला. चार्जर लावायच्या रात्री तो फास आधी प्लगच्या वायरमध्ये ओवायचा आणि मग प्लग बोर्डात घालायचा. प्लग उपटल्याशिवाय किल्ली सुटतच नाही. जुना खिळा आता रिकामा आहे.

मीही बदललेय. स्कूटीला ना हीटर आहे ना चार्जर, पण साइड स्टँड आहे, सीटखाली झोपणारी सोसायटीची मांजर आहे. एक चक्कर मारायला मोजून दहा सेकंद लागतात. तेवढ्याने डेडलाइन चुकत नाही.

दादाचा फोन अजूनही साडेसहालाच येतो. मामी हॅलोच्या आधी विचारते, "शेपूट काढलंस का रे?"

"काढलं, आई. तुम्ही?"