दाराला लावलेला क्यूब

गेली वीस-बावीस वर्षं मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासतो आहे आणि आता माझी खात्रीच पटली आहे की सिमेंटचा प्रश्न भाताच्या तुसाने केव्हाच सुटला. दरवर्षी सुटतो, मे महिन्यात, जेवणाच्या सुट्टीआधी. चार पोरं, एक पीपीटी, सिमेंटच्या जागी पाच-दहा-पंधरा-वीस टक्के तुसाची राख, 28 दिवसांनी फोडलेले काँक्रीटचे क्यूब, दहा टक्क्यांवर आलेखाला उंचवटा. ‘शाश्वत’, ‘हरित’, टाळ्या, चहा. न फोडलेला एखादा क्यूब उरतोच. तो लॅबचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावतात. या संशोधनाचा मी डोळ्यांनी पाहिलेला वापर एवढाच.

यंदा एकाला विचारलं, राख कुठली?

“गोंदियाची सर, राइस मिलमधून आणली.”

भट्टीचं तापमान किती होतं? पोरगा गाइडकडे बघायला लागला. गाइड पंख्याकडे.

अरे, सगळी मेख तिथेच आहे! टनभर धानामागे दोनेक क्विंटल तूस निघतं, ते जाळलं की चाळीसेक किलो राख. नीट जळलेल्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. साधारण 700 अंशांच्या आत बेताने जाळलंत तर ती सिलिका जागी राहते. सिमेंट मुरताना सुटलेला चुना धरते आणि त्याचा पुन्हा चिकट, बांधणारा पदार्थ करते. भट्टी त्याच्या फार वर गेली की सिलिकेचे स्फटिक होतात आणि तुमच्या हातात उरते दळलेली रेती. अर्धवट जाळलंत तर राखेत कोळसा राहतो, तो मिक्समधलं पाणी पितो, मिस्त्री बादलीभर पाणी वाढवतो, आणि स्लॅबचं जे व्हायचं ते होतं. आमची आजी तुसाची काळी राखुंडी करायची, दातांना फार छान. पण दात आणि बीम यांत फरक आहे.

मी स्वतः एका मिलमध्ये जाऊन हेच विचारलं होतं. उकड्या तांदळासाठी बॉयलर धडधडत होता, मागे राखेचा ढीग: वर करडी, हात घातला की आत काळी, एकाच ढिगात तीन रंग. बॉयलरवाला म्हणाला, “साहेब, आपल्याला वाफ पाहिजे. राख फुकट न्या, ट्रॉली तुमची.” त्याचं काय चुकलं? त्याला पगार वाफेचा मिळतो. या ढिगातली दोन घमेली उचलून ‘कमाल ताकद 10 टक्क्यांना’ असं लिहिणारे मात्र पीएचडी होतात.

बरं, हे काही नवं गूढ नाही. बर्कलीच्या पी. कुमार मेहतांनी तुसाच्या राखेच्या सिमेंटचं पेटंट 1978 साली घेतलं. आपल्या आयएस 456 मध्ये, 2000 सालच्या आवृत्तीत, तुसाच्या राखेचं कलमच आहे. राख चालेल, म्हणतात, पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने. आणि खाली तंबी, की प्रत्येक ठिकाणची राख तपासून घ्या, वाईट निघाली तर गाळाइतकी घातक. तंबी शंभर टक्के बरोबर आहे. पण निवृत्तीला तीन वर्षं उरलेला कुठला कार्यकारी अभियंता, बॉयलरवाल्याच्या भरवशावर, त्या कागदावर सही करेल? मीही केली नसती.

कोळशाच्या राखेचं बघा. ती आज पीपीसी सिमेंटच्या जवळजवळ प्रत्येक पोत्यात बसली आहे, कारण तिचा ढीग एका मोठ्या वीज केंद्राच्या दारात होता आणि 1999 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्या वीज केंद्राची मानगूट धरली. तुसाच्या राखेला मानगूटच नाही. शेकडो मिल, शेकडो भट्ट्या, कुणाच्याच नावावर नाही.

आणि सिमेंट कमी वापरण्याची गरज खोटी नाही, म्हणून तर राग येतो. चुनखडी 1450 अंशांवर भाजून सिमेंटचं क्लिंकर करताना टनामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच निघतो, इंधनाचा वेगळा. तेव्हा क्यूब पुष्कळ फोडलेत. आता दोन वर्षं एकाही कॉलेजाने एकही क्यूब फोडू नये. तेच पैसे गोळा करून भंडारा-गोंदियात एक भट्टी बसवा, तापमापक लावलेली, शेजारी राख दळायला बॉलमिल, आणि दर खेपेच्या राखेचा रिपोर्ट पोत्याबरोबर द्या. त्यात पेपर निघणार नाही, हे मला माहीत आहे.

पोराला 86 मार्क दिले. दुसरं काय करणार, मागच्या वर्षीच्यांना 85 दिले होते.