कुत्र्याच्या तोंडाला वास येतो, तो का?

"कुत्र्याचं तोंड आहे, वास येणारच!" वस्तीत सगळेच असं म्हणतात. दवाखान्यात नर्स म्हणून इतकी वर्षं काढूनही आम्ही तेच म्हणत होतो. मग आमचा मोत्या एकाच बाजूने चावू लागला आणि डोळ्याखाली सूज आली. वाटलं, कुणी दगड मारला असेल. पशुवैद्यांनी ओठ उचलून दाखवलं. वरची मोठी दाढ फुटली होती आणि मुळाशी पू झाला होता. मटणाची नळी आम्हीच दिली होती, लाडाने.

तेव्हापासून आमचं मत पक्कं झालं आहे. घाण वास हा कुत्र्याचा स्वभाव नाही, आजार आहे. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात. त्यांच्यावरचा चिकट थर पुसला नाही तर काही दिवसांत त्याचं कीटण होतं. मग हिरड्या लाल होतात, रक्त येतं, दात हलतात. त्यात कुत्रा दुखणं लपवतो, दात दुखत असला तरी जेवतो. 'खातोय म्हणजे बरा आहे' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

"ही थेरं बंगल्यातल्या कुत्र्यांची," असं कुणी म्हणेल. पण खर्च कसला? सुती फडकं ओलं करून बोटाला गुंडाळायचं आणि दातांची बाहेरची बाजू रोज पुसायची. पिल्लू असतानाच सवय लावावी. हे काम मोठ्यांनीच करावं. आपली टूथपेस्ट नको, कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. जमलेलं कीटण पिनेने खरवडू नका, ते पशुवैद्यांचं काम. आणि घरातली पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला मुळीच देऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र दातांच्याही आधीची. कुत्र्याची लाळ अचानक गळू लागली, जबडा लोंबला, पाणी गिळवेना, तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्येही असंच दिसतं. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका. कुत्र्याला दरवर्षी लस टोचली आहे ना, तेही आजच बघा.

मोत्याची ती दाढ काढावी लागली. अजूनही मटण शिजलं की तो चुलीपाशी येऊन बसतो. त्याला मऊ भात कालवून देतो, नळी नाही.