आराम करा म्हणजे नेमकं काय करा?

'आराम करा' हा मराठीतला सर्वात प्रेमळ आणि सर्वात आळशी सल्ला आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. द्यायला काही लागत नाही, देणाऱ्याला कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं, आणि घेणाऱ्याचं पुढे काय होतं ते पाहायला कुणी थांबत नाही. गेला महिनाभर माझ्या डाव्या पायाला प्लास्टर आहे. करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलं. तेव्हापासून हा सल्ला मला दिवसातून सरासरी सहा वेळा मिळतो. फोनवर, दारात, आणि दूरदेशीहून व्हिडिओ कॉलवरसुद्धा.

आता डॉक्टर काय म्हणाले होते ते पाहू. 'या पायावर भार द्यायचा नाही.' एवढंच. मी जन्मभर मुलांना वाक्यपृथक्करण शिकवलं. या वाक्यात एकच पाय आहे, डावा. त्यात उजवा पाय नाही, दोन हात नाहीत, पाठ नाही, पोट नाही, छाती नाही. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत या वाक्याचं 'आईला हलू द्यायचं नाही' असं झालं! पाण्याचा पेला हातात, जेवणाचं ताट पलंगावर, रिमोट उशाशी. प्रेम आहे, मान्य आहे. पण मंडळी, पावलाला विश्रांती देणं आणि माणसाला पलंगाला बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं भांडण फक्त दुसऱ्या गोष्टीशी आहे.

आणि हे माझ्या हट्टी स्वभावाचं खूळ नाही. रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. अंथरुणात पडून राहिल्याने फुप्फुसांचं, रक्ताभिसरणाचं, हाडांचं, त्वचेचं, आतड्यांचं आणि मनाचं काय होतं, याची त्यांनी एकेक करून यादीच दिली. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांची दमसासाची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं की त्या तीन आठवड्यांनी जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानेसुद्धा केलं नव्हतं.

विशीतल्या पोरांची ही कथा, मग सत्तरी उलटलेल्या बाईची काय असेल? माझ्या ओळखीच्या दोन घरांत मी ती पाहिली आहे. हाड ठरल्या वेळी जुळलं, एक्स-रे झकास आला. पण तोवर मांड्यांतलं बळ गेलेलं. खुर्चीतून उठायला हात लागू लागला, मग न्हाणीघरापर्यंत सोबत, मग 'एकटीला ठेवायला नको' अशी कुजबुज, आणि शेवटी राहत्या घराला कुलूप. मोडलं होतं पावलातलं एक छोटंसं हाड, गेलं ते स्वतःचं घर. हा खरा धोका आहे. म्हणून मी एवढी तावातावाने लिहिते आहे.

'पण पडलात तर?' हा प्रश्न लगेच येतो. बसून केलेल्या व्यायामात पडायचं कुठून? भिंतीला टेकवलेली, हातांची, चाकं नसलेली साधी खुर्ची घ्यावी. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या हातात धरून वर-खाली कराव्यात, प्रत्येक हातात एक किलो होतं. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच अंक मोजावेत, सोडावी. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. प्लास्टरचं वजन असतंच, वेगळं वजन विकत आणायला नको. श्वास मात्र कोंडून धरायचा नाही. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, दर तासाला हलवावीत. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. ते थांबलं की रक्त साकळायची भीती असते.

आणि चांगल्या पायाला विसरू नये. १८९४ साली येल विद्यापीठात एका हाताला सराव दिला, तर सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढलेली आढळली. त्यानंतर हे पायांच्या बाबतीतही दिसलं आहे. म्हणजे माझा उजवा पाय काम करतो तेव्हा डाव्याच्या खात्यातही थोडं जमा होतं. बँकेत तरी असं कुठे मिळतं?

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने जागेवरची सायकल किंवा पाणी. कमरेएवढ्या पाण्यात आपलं वजन साधारण निम्मं भरतं, छातीएवढ्या पाण्यात त्याहून बरंच कमी. पोहता येत नसलं तरी कठडा धरून पाण्यात चालता येतं. बाई माणसाने या वयात तलावात काय उतरायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल काठावर बसावं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. बागेतल्या आमच्या कट्ट्यावर 'चालणं हाच व्यायाम, बाकी सगळं थोतांड' म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्या मते मी रोजची दहा हजार पावलं लवकरात लवकर सुरू करावीत. हा दहा हजारांचा आकडा काही वेदातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं! हाड जुळण्याआधी चालायला लागणं ही मर्दुमकी नव्हे. पलंगवाले आणि पावलंवाले, दोघांचाही घोटाळा एकच. दोघांनाही माणसाच्या जागी फक्त पाय दिसतो.

विश्रांतीची बाजूही सांगायला हवी. पहिले काही दिवस सूज आणि ठणका असतो, तेव्हा पाय उशीवर उंच ठेवणं हाच उपचार. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये, कारण दुखतंय हेच त्यांना कळत नाही. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा दम लागला, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. हे सगळं मान्य. पण ही सगळी कारणं विचारपूर्वक हालचाल करण्याची आहेत, हालचाल बंद करण्याची नाहीत.

'या वयात धडपडायचं कशाला' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. माझं मोडलेलं हाड ज्या भागात आहे, तिथल्या फ्रॅक्चरचं वर्णन रॉबर्ट जोन्स या नामांकित शल्यविशारदाने १९०२ साली प्रसिद्ध केलं. त्यातला एक रुग्ण तो स्वतःच होता. पाय मोडला होता नाचताना! पुढे तो 'सर' झाला, अस्थिरोगशास्त्रातला मोठा माणूस झाला. नाचल्याबद्दल त्याला कुणी जन्मभर झोपवून ठेवलं नाही.

तेव्हा माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, सुनांनो आणि जुन्या विद्यार्थ्यांनो, फोन जरूर करा, मला आवडतो. फक्त 'आराम करताय ना?' असं विचारू नका. 'आज पाय किती वेळा उचललात?' असं विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवलेलं आहे, तारखेसकट.