उजेडाची मालकी

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विषय निघाला की उजेड आणि अंधार ही जोडी हमखास पुढे येते, आणि ती पुढे आली की विचार बहुधा तिथेच थांबतो. याला कारणेही आहेत. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले नियतकालिक. ‘अरुणोदय’ हे बाबा पदमनजींचे आत्मचरित्र. दोन्ही नावांत काहीतरी उगवते आहे. मग उगवण्यापूर्वी रात्र असणार, आणि रात्र म्हणजे पूर्वीचा धर्म, हे समीकरण वाचकाच्या मनात विनासायास तयार होते. मिशनऱ्यांना ते सोयीचे होते. गंमत अशी की त्यांच्या टीकाकारांनाही ते तितकेच सोयीचे वाटत आले आहे. एक पक्ष म्हणतो, हा माणूस अंधारातून उजेडात आला. दुसरा म्हणतो, हे लोक आमच्या उजेडाला अंधार म्हणतात. भांडण आहे ते पाटी कोणत्या दारावर लावायची एवढ्यापुरते. उजेड ही कोणत्या तरी एका समाजाची मालमत्ता असते, हे गृहीतक मात्र दोघांनाही मान्य आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीतकावर आहे. माझ्या मते ते वाङ्मयाच्या वाचनाला जितके घातक आहे, तितकेच ख्रिस्ती श्रद्धेलाही घातक आहे. आणि ज्या ग्रंथातून ही प्रतिमा आली, त्या ग्रंथाचा त्याला आधार नाही.

हा ग्रंथ म्हणजे योहानाचे शुभवर्तमान. त्यात उजेड आणि अंधार यांचा विरोध सर्वाधिक ठळक आहे, हे सर्वजण जाणतात. पण त्यात अंधार नेमका कुठे आढळतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. तिसऱ्या अध्यायात रात्रीच्या वेळी येशूकडे येतो तो निकदेम. तो कोणी परका मूर्तिपूजक नाही. तो परूशी आहे, धर्मशिक्षक आहे, लोकांचा पुढारी आहे. उजेड जगात आला तरी माणसांनी अंधारच पसंत केला, कारण त्यांची कर्मे वाईट होती, हे कठोर निदान याच प्रसंगात येते आणि ते अशा विद्वानाच्या समोर मांडले जाते. नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते. आंधळे ठरतात ते ‘आम्हाला दिसते’ असे छातीठोकपणे सांगणारे. तेराव्या अध्यायात यहूदा भोजनावरून उठून बाहेर पडतो आणि त्याच क्षणी निवेदक रात्र झाल्याची नोंद करतो. यहूदा हा बारा शिष्यांतला एक. अठराव्या अध्यायात थंडीच्या रात्री कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असलेला पेत्र आपल्या गुरूला ओळखत नसल्याचे सांगतो. हाही बारांतलाच, आणि त्यांतला अग्रणी. योहानाच्या नावाने चालत आलेले पहिले पत्र तर आणखी पुढे जाते: जो स्वतःला उजेडात समजतो आणि भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे.

म्हणजे या वाङ्मयात अंधाराची हद्द दुसऱ्याच्या घरावरून जात नाही. ती स्वतःच्या घराच्या मधून, किंबहुना एकाच माणसाच्या मधून जाते. अर्थात, इथे एक आक्षेप संभवतो. याच शुभवर्तमानात ‘यहूदी’ हा शब्द अनेकदा विरोधी पक्षासाठी येतो, आणि पुढे युरोपात त्याचा आधार घेऊन यहूद्यांचा छळ झाला, हा इतिहास आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. उलट, उजेडाची प्रतिमा समाजांवर चिकटवली की काय होते, याचा याहून दारुण पुरावा कोणता असणार?

आता मराठीकडे वळू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. प्रचलित समीकरणानुसार त्यांची कथा इथे संपायला हवी. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाई स्वतःच सांगतात, की त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि हे त्यांच्या लक्षात यायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे जावी लागली. या एका कबुलीने ‘पूर्वी अंधार, नंतर उजेड’ ही सरळ रेषा मोडते. सीमा ओलांडून आलेली बाई पलीकडेही अपुरेपण पाहते आणि ते जाहीरपणे सांगते. रमाबाईंना राष्ट्रद्रोही ठरवणाऱ्यांनी ही कबुली वाचली नाही, आणि त्यांना विजयचिन्हासारखे मिरवणाऱ्यांनी ती पचवली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून बोलके आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत ताटातूट आहे, नातेवाइकांचा आधार आणि धाकही आहे, पुन्हा एकत्र आल्यावरचे सोवळेओवळे आहे. या काळातली निर्णायक घटना कोणती? जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, तो माणसानेच केला असा निर्वाळा दिला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. त्यांची निवड प्रथम पाण्याच्या भांड्याशी झाली, नंतर पाण्याच्या विधीशी. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आपण विनोद, बोलीचा गोडवा आणि विक्षिप्त नवऱ्याचे किस्से यांवर तास खर्च करतो. ही निवड मात्र ‘मतपरिवर्तन’ एवढ्या एका शब्दात गुंडाळली जाते. त्यामुळे विद्यार्थ्याला पुस्तक गोड वाटते. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल ते काही विचारते आहे, असे त्याला वाटत नाही.

आणि खुद्द टिळक? आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मागचा काठ जर निखळ अंधाराचा असेल, तर हा सेतू कोणत्या द्रव्याचा बांधला होता? १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. ज्या रेषेवर आमचे वादविवाद उभे आहेत, ती रेषा मराठीतल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती कवीने आयुष्याच्या अखेरीस आपल्या हाताने पुसायला घेतली होती.

यावर आधुनिक समीक्षकाचे उत्तर तयार असते. तो म्हणतो, उजेड-अंधार हे सारे अलंकरण आहे. धर्मांतराची खरी कारणे सामाजिक असतात. जातीची जाचणूक, विधवांचे हाल, शिक्षणाची आणि नोकरीची ओढ. ही कारणे खोटी आहेत असे कोण म्हणेल? बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या पुस्तकाचा विषयच विधवांची दुःस्थिती हा आहे. पण कारण सांगितले म्हणजे निवड समजली, असे होत नाही. तीच जाचणूक सोसणारी दहा माणसे दहा वाटा धरतात. शिवाय या समीक्षकाला सामाजिक आणि आध्यात्मिक अशी जी फारकत हवी असते, ती लक्ष्मीबाईंच्या निर्णयात सापडत नाही. भावाचा तिरस्कार म्हणजेच अंधार, असे ज्या परंपरेत म्हटले आहे, तिथे जात मोडणे हीच आध्यात्मिक कृती ठरते.

हाच निकष उलट दिशेनेही लावला पाहिजे. गोव्यात धर्मांतरानंतरही जात टिकली, चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांतही ती शिरली. ज्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले पुराण रचले आणि जिथे ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले, तिथली देवळे त्यापूर्वी काही दशकेच पाडली गेली होती. स्टीफन्स यांच्या मराठीवरील प्रेमाबद्दल आपण भरभरून लिहितो, आणि ते प्रेम खरे होते. पण धाकाने लावलेला दिवा निवडीची शक्यताच काढून घेतो. ज्याला अंधारात राहण्याची मुभा नाही, त्याने उजेड निवडला असे म्हणताच येत नाही. हे म्हणायला ख्रिस्ती अभ्यासकांनी कचरू नये, आणि इतरांनी हे म्हणून झाल्यावर थांबू नये.

एक गोष्ट राहते. सगळा अंधार निवडलेला नसतो. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस याला त्याच्याच कार्मेल संघाच्या बंधूंनी १५७७ साली तोलेदो येथे कोंडून ठेवले. आपण उजेडाच्या बाजूचे आहोत, याविषयी त्या बंधूंना शंका नव्हती. कोठडीत ज्याने कविता रचल्या, त्याने पुढे आत्म्याच्या काळ्या रात्रीला देवाकडे नेणारी वाट म्हटले. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या दीर्घकाळच्या आंतरिक अंधाराची जगभर चर्चा झाली. काहींनी तर तो ढोंगाचा पुरावा मानला. ज्यात माणूस आपली कृत्ये लपवायला शिरतो, तो अंधार वेगळा. आणि ज्यात काही दिसत नसतानाही तो आजाऱ्याचे अंग पुसत राहतो, तो वेगळा. पहिला निवडीचा आहे, दुसरा कसोटीचा. ज्यांच्या लेखी उजेड म्हणजे फक्त खात्री, त्यांना हा फरक कळणे कठीण आहे.

तेव्हा मराठीच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी रमाबाई, टिळक किंवा लक्ष्मीबाई वर्गात शिकवताना ‘लेखक कोणत्या धर्मातून कोणत्या धर्मात गेला’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नये. त्याचे उत्तर एका ओळीत येते आणि कोणालाच बदलत नाही. त्याऐवजी विचारावे, की या माणसाने काय लपवायचे सोडले, आणि त्याची काय किंमत मोजली. हा प्रश्न ख्रिस्ती विद्यार्थ्यालाही अवघड जाईल आणि बिगरख्रिस्ती विद्यार्थ्यालाही. तसा तो गेला, तरच या पुस्तकांचे वाचन सुरू झाले असे समजावे.