सुईचा ताबा कोणाकडे?



गर्दच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारी एक बाई केंद्रात रोज यायची. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत नर्ससमोर बसायचं, मग घरी. सासूला सांगायची, 'दळण टाकून येते.' पण रोज कुठलं दळण? घरात कळलं, तिचं येणं बंद झालं आणि महिन्याभरात ती पुन्हा गर्द ओढू लागली.

आता हेच औषध इंजेक्शनमधूनही देता येतं. महिन्यातून एकदा टोचायच्या ब्युप्रेनॉर्फिनला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. पोटाच्या कातडीखाली ते घट्ट होऊन बसतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. तलफ आवरते, रोजची फेरी टळते, नवरा गोळ्या काढून घेईल ही धास्ती राहत नाही. त्या बाईला महिन्याला एकच बहाणा पुरला असता.

तरीही 'इंजेक्शन' म्हटलं की मी बिचकते. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतर काही जणी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तो लढा नुसत्या सुईविरुद्ध नव्हता. एकदा टोचलं की परत काढता न येणारं औषध पुरती माहिती न देता बाईच्या शरीरात घालण्याविरुद्ध होता.

व्यसनासाठी नाल्ट्रेक्सोनचंही इंजेक्शन आहे. ते तलफेवर पर्यायी औषध देत नाही, नशेचा परिणामच अडवतं. घेण्याआधी सात ते दहा दिवस नशेविना काढावे लागतात. त्याचा अंमल असताना मॉर्फिनसारखी वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडत नाहीत. ते थांबवल्यावर पूर्वीइतकीच नशा केली तर जीवही जाऊ शकतो. अफूजन्य व्यसनासाठी त्याला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, ती रशियात अडीचशे जणांवर झालेल्या चाचणीच्या आधारे. रशियात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन व्यसनावर उपचार करायला बंदी आहे. दुसरी वाटच नसलेल्या माणसाच्या संमतीला किती अर्थ उरतो?

म्हणून मला सरसकट विरोध पटत नाही आणि सरसकट स्वागतही नाही. रोजच्या गोळीने जिची कोंडी होते तिला इंजेक्शन मिळालं पाहिजे. पण 'मुलं जवळ हवीत ना, मग टोचून घे' असं नवरा, पोलीस किंवा आपल्यासारखी कार्यकर्ती म्हणाली, तर तो उपचार राहत नाही.

हे औषध आपल्या वस्तीत येईल तेव्हा आपण विचारायला हवं: गोळीचा पर्याय खुला आहे का? दिवस गेले तर काय, हे तिला तिच्या भाषेत सांगितलं का? पुढची सुई नको म्हणण्याची मोकळीक तिला आहे का? आणि बाळंतपणात तिच्या कळांवर काय द्यायचं, हे डॉक्टरांनी आधी ठरवलं आहे का?

व्यसनी बाईला स्वतःचं भलं कळत नाही, असं आपणही कधी मनात म्हणतो. मीही म्हटलंय. तिथूनच सुरुवात करू या. आपल्या गटात यावर बोला आणि काय निघतं ते आम्हाला जरूर कळवा.