गृहस्थाचा संगणक : शिक्का घरी, ठसा दारी



दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह ३० डिसेंबर १८०३ रोजी आपल्या अंजनगाव सुर्जी येथे झाला. अडगावची लढाई आणि गाविलगडाचा पाडाव नुकताच होऊन गेला होता. केवढा तरी मुलूख त्या एका कागदाने हस्तांतरित झाला. त्या काळी राजपत्राचे बळ त्यावरील शिक्क्यात असे. पत्रावर शिक्का आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्याला तेथूनच मिळाला. शिक्का धन्याच्या ताब्यात राही, ठसा मात्र सर्वांच्या ओळखीचा असे. ठसा हजारांनी पाहिला तरी बिघडत नसे. शिक्का परहाती गेला की अनर्थ ओढवे.

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याची आजची रीत याच तत्त्वावर उभी आहे.

आपल्या गावातील कित्येक तरुण-तरुणी घरी बसून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील संगणकांवर काम करतात. समाजाच्या संस्थांची सभासद-यादी, देणग्यांचा हिशेब, संकेतस्थळ हेही पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकावर असते. तेथे जाण्यासाठी एकच पासवर्ड ठेवायचा आणि तो अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व हिशेबनीस यांनी वाटून घ्यायचा, अशी सोयीची पद्धत पडून गेली आहे. मात्र आत जाऊन कोणी काय केले, हे मग कळत नाही. चिटणीस बदलले तरी त्यांना तो शब्द पाठ असतोच. शिवाय पासवर्ड दर वेळी समोरच्या संगणकाला सांगावा लागतो, आणि जे सांगावे लागते ते कोणी ऐकूही शकतो.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असेच घडले. जाळ्यातून उघडे जाणारे पासवर्ड कोणीतरी टिपून घेतले. त्यावर उपाय म्हणून तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’, म्हणजे ‘एसएसएच’, ही प्रणाली लिहिली. तिच्यातील जोडकिल्लीची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्येच जगापुढे मांडली होती.

जोडीतील खासगी किल्ली हा आपला शिक्का आणि सार्वजनिक किल्ली हा त्याचा ठसा. दर जोडणीच्या वेळी एक नवी खूण तयार होते. आपला संगणक खासगी किल्लीने तिच्यावर सही करतो, आणि पलीकडचा संगणक आपल्याजवळच्या ठशावरून ती सही पडताळतो. शिक्का घराबाहेर पडतच नाही. जुन्या काळी ठसा पाहून कुशल कारागीर खोटा शिक्का कोरू शके. येथे ठशावरून शिक्का घडविणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

ही जोडी करण्यास पाच मिनिटे पुरतात. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या, मॅक आणि बहुतेक लिनक्स यांत त्याचे साधन आधीच असते. आज्ञा लिहिण्याची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडून ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावी. किल्ली कोठे ठेवावी, असा प्रश्न आल्यास एंटर दाबावे. मात्र तेथे जुनी किल्ली असल्याचे सांगितले गेले, तर तिच्यावर नवी लिहू देऊ नये. नंतर परवलीचे वाक्य विचारले जाते. ते रिकामे सोडू नये. संगणक चोरीस गेला, तर चोर आणि शिक्का यांच्यामध्ये तेवढीच एक पेटी उरते. चार-पाच असंबद्ध शब्दांचे, आपल्याला आठवेल असे वाक्य उत्तम.

आता दोन फायली तयार होतात. जिच्या नावाअखेरीस ‘डॉट पब’ असते, ती सार्वजनिक. व्यवस्थापकाला तीच पाठवावी. दुसरी कोणालाही देऊ नये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. व्यवस्थापक अनुमत किल्ल्यांच्या यादीत आपल्या नावे एक ओळ घालतो. किल्लीने प्रवेश होतो याची खात्री झाल्यावर पासवर्डने येण्याचा मार्ग त्याने बंद करावा. संस्थेच्या किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या ओळी यादीत असाव्यात, म्हणजे एकाची किल्ली हरवली तरी दार अडणार नाही.

दर माणसाची आणि दर संगणकाची जोडी वेगळी असावी, हे विसरू नये. मग कोणी पद सोडले किंवा कोणाचा संगणक हरवला, तर त्याची एकच ओळ खोडावी लागते. बाकीच्यांना तोशीस पडत नाही.

अचौर्य अणुव्रत म्हणजे न दिलेले न घेणे, हे आपण जाणतो. पदासाठी दिलेला प्रवेश पद संपताच ‘दिलेला’ राहत नाही. तो वापरला नाही, केवळ बाळगला, तरी तो नकोसा परिग्रहच होय. म्हणून वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडली गेली की मावळत्या पदाधिकाऱ्यांनी ‘माझी ओळ खोडा’ असे स्वतःहून सांगावे. सांगणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहू नये, आणि खोडणाऱ्याने संकोच करू नये. ज्या देणगीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक त्या यादीत आहेत, त्यांनी ते संस्थेवर विश्वासून दिलेले असतात.

पुढील अंकी घरच्या कागदपत्रांची दुसरी प्रत कशी जपावी, ते पाहू.