मुंबई बघायला जाताना यादी छोटी ठेवा



आपल्या कामरगावातल्या बायकांनी आजवर केलेले प्रवास मोजायला बसलं तर ते चारच कारणांत बसतात. लग्नकार्य, बाळंतपण, दवाखाना आणि तीर्थयात्रा. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला आपण सगळ्याच जाऊन आलो आहोत आणि कारंज्याची मंदिरं तर घरचीच. काही जणींचं शिखरजी झालं, काही जणींचं श्रवणबेळगोळ झालं. पण कुणाचं काही काम नाही, कुणाचा नवस नाही, नुसतं बघायला म्हणून किती जणी बाहेर पडल्या? माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. पाच तीर्थं त्यांनी पायी चढली, पण समुद्र बघितला नाही. अशा सासूबाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

म्हणून यंदा तूर निघाली की जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जणी मुंबईला जायचं ठरवतो आहोत. घरात बोलणं काढलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ते सगळे ऐकून माझं एक मत पक्कं झालं, तेच आज लिहिते आहे. दोन दिवसांच्या सहलीत यादी छोटी हवी, आणि ती आपल्यात सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईच्या पायांनी आखलेली हवी.

सहसा होतं काय? "एवढ्या लांब जातो तर सगळंच बघून घेऊ" असं म्हणून कागदावर पंधरा ठिकाणं उतरतात. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, जुहू, बांद्र्याचा पूल, सिद्धिविनायक, फिल्म सिटी. मुंबईत अंतर किलोमीटरवर मोजून उपयोग नसतो, ते तासांवर मोजावं लागतं. पंधरा ठिकाणांचा दिवस म्हणजे दहा तास गाडीच्या खिडकीत. मग तरुण पोरं पुढे पळतात, म्हातारी बाई मागे राहते आणि शेवटी तीच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी इथे पिशव्या सांभाळते." तिच्यासाठी ठरवलेल्या सहलीत तिच्या वाट्याला पिशव्या येतात. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहेत. दिग्व्रतात जन्मभराची हद्द ठरते, देशव्रतात आजची, या काही दिवसांची. लहानपणी मला वाटायचं, हे न जाण्याचं व्रत आहे. आता वाटतं, हे नीट जाण्याचंही व्रत आहे. आज इथून इथपर्यंत, त्यापुढे नाही, असं सकाळीच ठरलं की मनाची धावपळ थांबते. मुंबईसारख्या शहरात तर ही हद्द फारच कामाची. आम्ही हद्द आखली आहे ती एवढीच: मलबार हिलपासून गेटवेपर्यंतची दक्षिण मुंबई. जुहू नाही, बोरिवली नाही, घारापुरीही नाही. घारापुरीची लेणी पाहण्यासारखी आहेत, १९८७ पासून जागतिक वारशात आहेत. पण बोटीने जायला तासभर, यायला तासभर आणि मध्ये शंभरावर पायऱ्या. दोन दिवसांतला एक दिवस त्यातच जाईल आणि गुडघेदुखीची बाई पायथ्याशी बसून राहील. ती पुढच्या खेपेला.

जायचं कसं, यावरही घरोघरी वाद होतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून पुरुषमंडळींचं एकच म्हणणं: गाडीने जाऊ. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या कारंज्याजवळूनच जातो, हे खरं. पण तो संपतो भिवंडीजवळ आमणे इथे. त्यापुढे शहरातली गर्दी आणि दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधणं. शिवाय गाडी ज्याच्या हातात, वेळापत्रकही त्याच्याच हातात. मला रेल्वे बरी वाटते. अमरावती–मुंबई एक्सप्रेस अमरावतीहून संध्याकाळी निघते, मूर्तिजापूरला थांबते आणि पहाटे सीएसएमटीला पोचवते. म्हणजे सूर्यास्ताआधी घरीच जेवून निघायचं, रात्री झोपायचं आणि उजाडताना मुंबईत. गाडीत जेवणाचा प्रश्नच येत नाही, चौविहारही पाळला जातो.

मूर्तिजापूरपर्यंत एसटी आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. रेल्वेत मात्र ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, ती धरून हिशोब करू नका. रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे जानेवारीअखेर जायचं तर नोव्हेंबरअखेरीस तिकीट काढायला हवं. तिकीट काढताना प्रत्येकीचं वय बरोबर लिहा. ४५ आणि त्यापुढच्या बायकांना जागा असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. मात्र तिकीट एकटीचं किंवा दोघींचं असेल तरच याचा नीट फायदा होतो, म्हणून सगळ्यांचं एकाच तिकिटावर काढण्याआधी विचार करा.

वार बुधवार–गुरुवार ठेवा. मंगळवारी संध्याकाळी निघायचं, शुक्रवारी सकाळी परत. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि गेटवेला पाय ठेवायला जागा नसते.

आता आमचा आराखडा. दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळी, एक दुपारनंतर, मध्ये जेवण आणि तासभर पाठ टेकणं. बुधवारी सकाळी अंघोळ, दर्शन आणि विश्रांती. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलीची कांस्यमूर्ती आहे, हजार वर्षांहून जुनी. अंगावर वेली चढलेल्या, चेहरा शांत. देवळात आपण मूर्तीसमोर डोळे मिटतो. इथे डोळे उघडे ठेवून, कारागिराचा हात बघत उभं राहता येतं. हेही एक दर्शनच आहे. संग्रहालयातून गेटवे चालत जाण्याइतकं जवळ. १९११ साली पायाभरणी होऊन १९२४ ला तो खुला झाला. मग लवकर जेवण आणि मरीन ड्राइव्ह.

गुरुवारी सकाळी मलबार हिल. वाळकेश्वरचं आदीश्वर मंदिर १९०४ सालचं, दाराशी दोन दगडी हत्ती. तिथून हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट जवळच. दुपारी भुलेश्वरच्या गल्ल्या, देवदर्शन आणि हवी ती खरेदी. संध्याकाळी जेवून परतीची गाडी.

सूर्यास्ताचं एक गणित सांगते, कारण ते सहसा कुणी धरत नाही. मुंबई आपल्यापेक्षा साधारण पावणेपाच रेखांश पश्चिमेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटं लागतात. म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ वीस मिनिटं उशिरा मावळतो. उगवतोही तसाच उशिरा. जानेवारीअखेर मुंबईचा सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, थांबणाऱ्यांनीही मुंबईचीच वेळ धरायची, आपल्या भिंतीवरच्या पंचांगाची नाही. पावणेसहापर्यंत जेवण उरकलं की सूर्य बुडताना समुद्रासमोर मोकळ्या हाताने बसता येतं. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून फिरणं आखडतं, असं तरुण मुली म्हणतात. मला उलट वाटतं. सगळं शहर रात्रीच्या जेवणासाठी रांगा लावतं, तेव्हा आपलं जेवण झालेलं असतं.

आता जेवणाचा विषय, आणि इथे माझं मत थोडं कडक आहे. सहलीला शेगडी, कणीक आणि कढई नेऊ नका. दशम्या, खाकरे, चिवडा, शंकरपाळे एवढं पुरे. स्वयंपाकघर सोबत नेलं की ज्या बाईला चूल सोडून दोन दिवस मोकळं व्हायचं होतं, तीच धर्मशाळेच्या खोलीत पोळ्या लाटत बसते. मुंबईत जैन जेवण मिळायला अडचण नाही, दक्षिण मुंबईत तर नाहीच. फक्त मागताना स्पष्ट विचारा. काही ठिकाणी "जैन" म्हणजे नुसता कांदा-लसूण नाही, बटाटा असतोच. पाणी गाळून, उकळून सकाळीच बाटल्यांत भरून घ्या.

पाण्यावरून आठवलं. प्रवासात आपण पाणीच पीत नाही, कारण स्वच्छतागृहाची भीती. चौविहारात संध्याकाळनंतर पाणी नाहीच, त्यात दिवसाही टाळलं तर डोकं दुखणारच. म्हणून आराखड्यात प्रत्येक ठिकाणापुढे स्वच्छतागृह कुठे, हे लिहा. संग्रहालय, मोठं रेल्वे स्टेशन, मेट्रो स्टेशन. हे लिहायला लाजू नका. पुरुषांनी आखलेल्या कुठल्याच यादीत ते नसतं.

शहरात फिरायला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची लोकल टाळावी. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. तिला सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, चर्चगेट ही स्टेशनं आहेत आणि उद्वाहकही आहेत. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये आहे. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत तिथे लागत नाही.

"फिरण्यावर पैसे कशाला? त्यापेक्षा एखादी यात्रा करा," असं काही मोठ्या बायका म्हणतील. त्यांचा मान ठेवून सांगते, ही यात्रेशी स्पर्धा नाही. आपल्याच समाजातल्या थोरांनी मुंबईत आलेल्या माणसाची काळजी पुण्याचं काम मानली. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी वडिलांच्या नावाने सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली. त्यांची मुलगी मगनबाई तरुणपणी विधवा झाली, पण वडिलांनी तिला शिकवलं, आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवला, बायकांच्या शिक्षणासाठी गावोगाव प्रवास केला. शंभर वर्षांपूर्वी एक जैन बाई एवढी फिरली. आपण दोन दिवस मुंबईला गेलो तर काय बिघडणार आहे?

पैशाचं म्हणाल तर भिशीतला एक हप्ता यासाठी बाजूला काढा. नवऱ्याकडून मागून घेतलेल्या पैशाची सहल त्याच्या यादीने होते, आपल्या पैशाची आपल्या यादीने. आणि घर? दोन दिवस वरण-भात पुरुषांना येतो. येत नसेल तर नोव्हेंबर ते जानेवारी शिकायला वेळ आहे.

आज रात्री आवरून झालं की एक कागद घ्या. वर तारीख लिहा. खाली चारच ठिकाणं. आणि सगळ्यात आधी, सोबत येणाऱ्यांपैकी सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईचं नाव. तिला विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" ती पहिल्यांदा म्हणेल, "मला काय, तुम्ही न्याल तिकडे." तिथे थांबू नका, पुन्हा विचारा.

जय जिनेंद्र!